नवा कोरा फोन: पहिला आठवडा कसा वापरायचा आणि इतरांच्या तक्रारी कशा वाचायच्या

एखादा फोन बाजारात आला की पहिल्या दहा-पंधरा दिवसांत त्याच्याबद्दल इतकं लिहिलं-बोललं जातं की वाचणाऱ्याचं डोकं भणभणतं. कुणी म्हणतं बॅटरी दोन दिवस जाते, कुणी म्हणतं दुपारीच उतरते. एकाला कॅमेरा अफलातून वाटतो, दुसऱ्याचा फोन नुसत्या रील्स बघताना तापतो. गंमत म्हणजे यातले बहुतेक जण खरंच बोलत असतात. फक्त प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

म्हणून फोन घ्यायचा असो वा घेऊन झालेला असो, पहिलं काम एकच: दोष कुठल्या जातीचा आहे ते ओळखणं. ते कळलं की फोन परत करायचा, थांबायचं की चालवून घ्यायचं, हे ठरवायला वेळ लागत नाही.

तक्रारींचे तीन ढीग करा

पहिला ढीग नगाच्या दोषाचा. मॉडेल चांगलं असतं, पण तुमच्या वाट्याला आलेला नग खराब निघतो. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात पिवळट डाग, एका स्पीकरमधून खरखर, कॅमेऱ्याच्या काचेआड धूळ. यावर उपाय एकच, नग बदलून घेणं, तोही मुदतीच्या आत. असा दोष अपडेटने जात नाही, आणि दिवस उलटतात तशी तुमची बाजू लंगडी पडते. २०२२ च्या जुलैमध्ये नथिंग फोन १ आला, तेव्हा भारतातल्या काही पहिल्या ग्राहकांना अंधारात, गडद राखाडी रंगावर हिरवट झाक दिसली. बाकीच्यांचे फोन व्यवस्थित होते, त्यामुळे त्यांना ही तक्रार उगाच केलेली वाटत होती.

दुसरा ढीग सॉफ्टवेअरचा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयफोन १५ प्रो फार तापतो अशी ओरड झाली. नव्या टायटॅनियमच्या चौकटीला दोष देणारे जाणकारही लगेच निघाले. अॅपलने मात्र आयओएस १७ मधल्या चुकीकडे आणि इन्स्टाग्राम, उबरसारख्या काही अॅप्सकडे बोट दाखवलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात १७.०.३ हे अपडेट आणलं. अशा दोषात चार आठवडे धीर धरण्यात शहाणपण असतं. अट एकच, दोष आहे हे कंपनीने कबूल केलेलं असावं. नुसत्या ‘पुढच्या अपडेटमध्ये होईल’ या बोलीवर विसंबू नका.

तिसरा ढीग घडणीचा. हा दोष प्रत्येक नगात असतो आणि जात नाही. २०१० चा आयफोन ४ खालच्या डाव्या कोपऱ्याशी धरला की रेंज पडायची, कारण अँटेना बाहेरच्या धातूच्या पट्टीतच होता. तोडगा म्हणून कंपनीने जुलैमध्ये कव्हर फुकट वाटली. आजचे घडणीचे दोष कमी नाट्यमय असतात: वजन फार, बोटाच्या ठशाचा सेन्सर नको तितका खाली, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे टेबलावर डुगडुगणारा फोन. इथे प्रश्न एवढाच, तुम्हाला चालतंय का?

कधी कधी ढीग चुकतो, आणि मोठमोठ्यांचा चुकतो. सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये विक्रीला आला आणि पेट घेऊ लागला. कंपनीने आधी बॅटरीच्या एका पुरवठादाराचा दोष धरून फोन बदलून दिले. बदलून दिलेलेही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावं लागलं. जानेवारी २०१७ मधल्या खुलाशात कळलं की दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन निरनिराळे दोष होते. म्हणून फुगणं, जळका वास, पाठ उचलली जाणं असलं काही दिसलं तर ढीगबिग बाजूला ठेवा. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

अजून घेतला नसेल तर

लाँचच्या दिवशी ठरावीक मिनिटाला सगळीकडे एकदम रिव्ह्यू येतात. त्यात कारस्थान काही नाही. कंपनी आधी फोन पाठवते आणि अमुक वेळेपर्यंत बोलायचं नाही असं ठरलेलं असतं. पण तो फोन कंपनीने निवडून दिलेला असतो, त्यातलं सॉफ्टवेअर बऱ्याचदा कच्चं असतं आणि वापर जेमतेम आठवडाभराचा असतो. हापूसच्या पेटीतला वरचा थर पाहून पेटी घेण्यातला हा प्रकार. खालचे थर पैसे मोजून घेणाऱ्यांनाच दिसतात.

गॅलक्सी एस२२ चं उदाहरण घ्या. मार्च २०२२ मध्ये कोरियातल्या ग्राहकांच्या लक्षात आलं की फोनमधली एक यंत्रणा हजारो अॅप्सचा वेग दाबून ठेवते, मात्र वेग मोजणारी अॅप्स त्या यादीत नाहीत. म्हणजे परीक्षेत फोन पळतो आणि रोजच्या कामात चालतो. वेग मोजणाऱ्या गीकबेंच या अॅपने त्या फोनचे आकडे आपल्या यादीतून काढले आणि सॅमसंगला अपडेट देऊन निवड ग्राहकाच्या हाती सोपवावी लागली. वेगाच्या आकड्यांवर फोन घेऊ नये असं माझं जुनं मत आहे, या प्रकरणाने ते पक्कं झालं.

विक्रीच्या पानावरचे अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा, दोन्ही टोकं आधी सोडा. पाच ताऱ्यांत ‘पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेवर’ भरलेलं असतं, एका ताऱ्यात डिलिव्हरी उशिरा आल्याचा राग. दोन, तीन आणि चार ताऱ्यांचे अभिप्राय वाचा, आणि ‘सर्वात नवे’ असा क्रम लावून वाचा. तक्रारीत परिस्थिती सांगितली असेल तर ती तोलामोलाची धरा. ‘बॅटरी बेकार’ याला अर्थ नाही. ‘वायफायवर ठीक, पण दोन सिम आणि ५जी चालू ठेवून लोकलने गेलो की ठाण्यापर्यंत वीस टक्के जाते’ हे कामाचं. असलंच काही चार निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या शब्दांत लिहिलं असेल तर ते खरं समजा.

आणखी एक खोड लक्षात ठेवा. ज्याने चाळीस हजार मोजलेत तो स्वतःच्या फोनची बाजू घेतो, आणि ज्याला सेलमध्ये मिळाला नाही तो दोष शोधत बसतो. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओत तसं स्पष्ट सांगणं केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बंधनकारक आहे. तेव्हा ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असा शब्द कुठे आहे का, हे वर्णनातल्या बारीक अक्षरांतही बघा.

घाई नसेल तर महिना-दीड महिना थांबा. तेवढ्यात दोन-तीन अपडेट येऊन जातात आणि दुसरा ढीग बराच ओसरतो. लाँचची बँक ऑफर हुकली म्हणून हळहळायचं कारण नाही, दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये तशीच किंवा बरी ऑफर बहुतेक वेळा फिरून येते.

बॉक्स हातात आल्यावर

मागवण्याआधी त्याच पानावरची परतीची अट वाचा, कारण ती विक्रेत्यागणिक आणि फोनगणिक बदलते. ‘सात दिवस रिप्लेसमेंट’ म्हणजे पैसे परत असं समजू नका. बहुतेक ठिकाणी तोच फोन बदलून मिळतो, आणि अलीकडे तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून दोष लिहून आणायला सांगतात. तुमच्या गावापासून ते सेंटर किती लांब आहे हेही तेव्हाच बघा. गडचिरोली किंवा मालवणच्या माणसाला सात दिवसांतला एक दिवस प्रवासातच घालवावा लागतो.

जुना फोन एक्सचेंजमध्ये देत असाल तर जरा थांबून विचार करा. डिलिव्हरीवाला दारातच जुना घेऊन जातो. नव्यात दोष निघाला तर तो बदलून येईपर्यंत हातात काहीच राहत नाही. चार-पाचशे रुपये कमी आले तरी जुना फोन आठवडाभर ठेवून मग बाहेर विकलेला बरा. तपासणीतही तो तुलनेला कामी येतो.

बॉक्स उघडताना व्हिडिओ घ्या, एकसलग, मध्ये न थांबवता. पत्त्याचं लेबल, सील, मग फोन. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक, असा संदेश १४४२२ ला पाठवला की दूरसंचार विभागाच्या नोंदीतलं मॉडेल कळतं. संचार साथी अॅपवरही हीच सोय आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. काही दुकानांत सील आधीच फोडून फोन चालू करून देतात. तारीख आजची असेल तर हरकत नाही, दोन महिन्यांपूर्वीची असेल तर तो फोन कोरा नाही.

पहिल्या संध्याकाळी: अॅप्स टाकायच्या आधी

सगळा जुना डेटा लगेच ओतू नका. आधी रिकामा फोन तपासा, म्हणजे तापला तर तो कशाने तापला याचा घोळ होत नाही. सॅमसंगवर *#०*# आणि शाओमीवर *#*#६४८४#*#* दाबलं की कंपनीचाच तपासणीचा मेनू उघडतो. स्पर्श, स्पीकर, कंपन, सेन्सर सगळं एकेक करून बघता येतं. हे आकडे अर्थातच डायलरमध्ये नेहमीप्रमाणे टाकायचे.

स्क्रीन अंधारात तपासायची. खोलीतले दिवे घालवा, ब्राइटनेस दहा-पंधरा टक्क्यांवर आणा, आणि एक सपाट गडद राखाडी चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा. एमोलेड पडद्याचे दोष इथेच उघडे पडतात: अर्धा भाग हिरवट, अर्धा गुलाबीसर, उभे पट्टे, कडेला सावली. मग पांढरं चित्र, मग काळं. अगदी हलका फरक बहुतेक पडद्यांत असतो, आणि तो शोधायचाच म्हटला तर सापडतोच. माझा नियम असा: रोजच्या ब्राइटनेसवर, हातभर अंतरावरून दिसला तर तो दोष. डोळे चिकटवून, तेही काळोखात दिसला तर सोडून द्या. टेम्पर्ड ग्लास ही तपासणी झाल्यावर लावा, आधी लावली की स्पर्शाच्या तक्रारीचं खापर तिच्यावर फुटतं.

कॅमेऱ्यासाठी वर्तमानपत्राचं आख्खं पान भिंतीला चिकटवा. चांगल्या उजेडात, फोन भिंतीला समांतर धरून, पान फ्रेममध्ये काठोकाठ बसवून फोटो काढा. मग मोठा करून चारही कोपरे वाचा. चारही सारखेच किंचित धूसर असतील तर लेन्सची घडणच तशी. तीन कोपऱ्यांतल्या छोट्या जाहिराती वाचता येतात आणि चौथ्यातली अक्षरं विरघळलेली दिसतात, असं असेल तर लेन्स तिरकी बसली आहे. हा पहिला ढीग, फोन बदलून घ्या. एकाच फोटोवर निकाल लावू नका, फोन उलटा धरून दुसरा काढा. खराब कोपरा फोनबरोबर फिरला तर दोष फोनचा, जागच्या जागी राहिला तर तुमचा हात वाकडा. हेच वाइड लेन्सवर आणि झूमवरही करायचं. लोक मुख्य कॅमेरा तपासतात आणि बाकीचे विसरतात.

रात्री ट्यूबलाइटखाली घरातल्या पोराला पळायला लावून दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. फोकस सुटतो का, उजेड लपलपतो का, आवाज गुदमरतो का, ते एकदम कळतं. सूर्यास्ताचे फोटो आजकाल सगळेच फोन चांगले काढतात, त्यावरून काही ठरत नाही.

आता कॉल. दहा मिनिटं कानाला लावून बोला. स्वस्तातल्या काही फोनमध्ये कानाजवळचा खरा सेन्सर नसतो, बाकीच्या सेन्सरवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. तो चुकला की स्क्रीन मध्येच उजळते, गाल लागून कॉल म्यूट होतो नाहीतर होल्डवर जातो. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज कानाला लावून ऐका, तिथेही हाच घोळ होतो.

आणि मराठीत एक परिच्छेद टंकून बघा. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘दर्‍या’ यांतला अर्धा र नीट जुळतो का, की खाली टिंब आणि हलन्त वेगळा पडतो? फोन परत करण्याइतकं हे मोठं नाही हे खरं, पण पुढची तीन वर्षं तुम्हालाच वाचायचं आहे.

ओटीटी बघणाऱ्यांनी वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची (डीआरएम), पातळी बघावी. नेटफ्लिक्सच्या सेटिंगमध्ये किंवा डीआरएमची माहिती देणाऱ्या फुकटच्या अॅपमध्ये ती दिसते. एल१ असेल तर ठीक. एल३ असेल तर महागड्या स्क्रीनवरही चित्र धूसरच दिसणार.

तिसऱ्या दिवसापासून: बॅटरी आणि उष्णता

पहिल्या दोन दिवसांतली बॅटरी धरूच नका. डेटा आणल्यावर फोन मागे फोटो चाळतो, अॅप्स जुळवतो, बॅकअप ओढतो. तापतो आणि उतरतो, साहजिक आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री फोन शंभर टक्के करून वायफाय आणि सिम चालू ठेवून झोपा. सकाळी चार-पाच टक्के गेले असतील तर ठीक. बारा-पंधरा गेले असतील तर बॅटरीच्या यादीत कोण खातंय ते बघा. एखादं अॅप सापडलं तर दुसरा ढीग. काहीच सापडलं नाही आणि पुढच्या रात्रीही तेच झालं तर नगावर संशय घ्या.

उष्णतेचे रिव्ह्यू बहुतेक एसीत बसून केलेले असतात. अॅपल आपल्या आयफोनसाठी भोवतालचं तापमान शून्य ते ३५ अंश सांगते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गाडीच्या काचेखाली नकाशा चालू, वर चार्जिंगही चालू, अशा वेळी कुठलाही फोन ब्राइटनेस कमी करणार आणि चार्जिंग थांबवणार. तो स्वतःला वाचवत असतो. पण पंख्याखाली, सावलीत, साध्या व्हिडिओ कॉलला पाठ हाताला चटका देत असेल आणि अपडेट टाकूनही तसंच राहत असेल, तर तक्रार करा.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांसाठी पाण्याबद्दल दोन शब्द. आयपी६८ हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा गोड्या पाण्यातल्या चाचणीचा असतो, आणि पाणी शिरल्यास वॉरंटी लागू नाही असं बहुतेक कंपन्या लिहून ठेवतात. त्यामुळे बादलीत बुडवून खात्री करायच्या फंदात पडू नका. ओल्या बोटांनी स्क्रीन चालते का एवढं मात्र बघा, जून ते सप्टेंबर तेच लागतं.

रेंज: जुना फोन शेजारी ठेवून

स्पीड टेस्टचे आकडे वेळेनुसार हलतात. त्यापेक्षा जुन्या फोनमध्ये त्याच कंपनीचं सिम घाला आणि दोन्ही फोन घेऊन घरातल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात उभे राहा. जिन्याखाली, लिफ्टमध्ये, मोरीच्या बाजूला. तिथे जुन्यावर कॉल लागतो आणि नव्यावर तुटतो, असं दोन-तीनदा झालं तर ते खरं. जिओचं ५जी वापरत असाल तर तपशिलांच्या यादीत एन२८ आणि एन७८ हे दोन्ही बँड (लहरींचे पट्टे) आहेत का बघा. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, तोच भिंतीआड जास्त पोचतो. ५जीवर बॅटरी झपाट्याने उतरत असेल तर एक दिवस ४जीवर ठेवून फरक बघा. पुष्कळ ‘बॅटरी खराब’ तक्रारींचं मूळ अर्धवट ५जी रेंजमध्ये असतं.

नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास बऱ्याच बँका व्यवहाराला ५,००० रुपयांची मर्यादा घालतात. हा फोनचा दोष नव्हे. घराचं भाडं भरायच्या दिवशी फोन बदलू नका, इतकंच.

परत करायचा असेल तर

पाचव्या दिवसापर्यंत निर्णय घ्या, सातव्याची वाट बघू नका. विक्रेत्याच्या अॅपवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, फोनवरच्या गोड बोलण्यावर थांबू नका. सर्व्हिस सेंटरला गेलात तर जॉबशीट, म्हणजे तक्रार नोंदवल्याचा कागद, घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि तिच्यावर तक्रार तुमच्या शब्दांत उतरवून घ्या. काउंटरवरचा माणूस ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’ एवढंच लिहून मोकळा होऊ बघतो. कॉलच्या वेळी स्क्रीन उजळते, असं असेल तर तेच लिहिलेलं हवं. दोष कधी दिसतो कधी नाही असा असेल तर घरी दिसेल तेव्हाच दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढून ठेवा, कारण काउंटरवर तो नेमका दिसत नाही आणि कागदावर ‘समस्या आढळली नाही’ असा शेरा पडतो. फोन सुरुवातीपासूनच सदोष होता असं सेंटरने लिहून दिलं तर तो कागद जपून ठेवा, बदलून देताना विक्रेता तोच मागतो.

ऑनलाइन विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात ती निकाली काढावी, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. टोलवाटोलवी चालली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या वरच्या माणसाकडे जाते. तिथेही हलेना तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता बेंगळुरूचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि अर्ज ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या भरता येतो. सोबत बिल, जॉबशीट, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ आणि विक्रेत्याशी झालेला सगळा लेखी पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून जोडा.